एका हातानं उचलेल अशी फळी

गाझियाबाद

प्रिय मयुरा,

आधी हसून घे. पाकिटावर माझं अक्षर बघूनच तुला हसू आलं असेल. आठवीत शाळा सुटली तेव्हा होतं तसंच आहे, ओळ धरून चालत नाही, वर वर चढत जातं. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणणार. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी एक सांगायला घेते, तू तीन सांगतेस, तेवढ्यात तुझे टुरिस्ट येतात आणि "थांब गो, ठेवतंय" म्हणून तू ठेवून देतेस. शिवाय आमची खोली एकच. शारू पाच वर्षांचा झाला. पाय चालत नाहीत, पण कान फार चालतात त्याचे. मी दिवसभरात कुणाशी काय बोलले ते संध्याकाळी बाबाला सगळं पोचवतो, वर हातवारे करून. म्हणून लिहितेय. प्रतीक कामावर गेलाय, शारू झोपलाय, कुकर लावलाय. एक कान शिट्टीकडे ठेवून लिहितेय, कुठे चुकलं तर सांभाळून घे.

शारूची लाटेवरची फळी झाली. पूर्ण झाली. तू कधीपासून फोटो मागतेयस आणि मी आज पाठवते, उद्या पाठवते करतेय. मुद्दामच पाठवला नाही. फोटो पाठवला की तू तारीख विचारणार, आणि तारखेचं नाव काढलं की मी विषय बदलते. प्रतीकचं पक्कं ठरलंय. दिवाळीत कुडाळला गाडीतून उतरून मालवणला यायचं, आणि शारूला त्या फळीवर पालथा झोपवून समुद्रात घालायचं. कारखान्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय त्यानं. मला भीती वाटते, मयुरा. अशी भीती की भाजी चिरताना हात थांबतो आणि मी तशीच बसून राहते. घरात कुणाला सांगता येत नाही, कारण घरात सगळे खूश आहेत.

सगळं तुझ्यामुळेच सुरू झालं, तुला माहीत आहे ना? शारूचे पाय तू बघितलेस, मागे आलो होतो तेव्हा. कात्रीसारखे एकावर एक चढतात, कडक होतात. रोज तेल लावून, हातानं सोडवून, पट्टे बांधून आम्ही दमलो. मग इथे दिल्लीत नीरजा मॅडम भेटल्या, व्यायाम घेणाऱ्या. मराठीच आहेत, पण आजोबांपासून दिल्लीत, म्हणून बोलणं पुस्तकासारखं आणि मध्ये मध्ये "बिल्कुल, बिल्कुल". त्यांच्या सेंटरमध्ये कोमट पाण्याचा हौद आहे, कमरेइतका. पहिल्यांदा शारूला त्यात घेतला तेव्हा आधी किंचाळला. मग गप्प झाला. आणि मग त्याचे पाय सुटले. आपोआप. एक इकडे, एक तिकडे, जसे सगळ्या पोरांचे असतात तसे. मी रडायला लागले. मॅडम म्हणाल्या, "रडा, बिल्कुल रडा, पण त्याला धरून रडा."

त्याच महिन्यात तू तो व्हिडिओ पाठवलास. ती पुण्याची छोटी मुलगी, तू तिला फळीवर पालथी झोपवून मागून सोडतेस, आणि ती लाटेवरून घसरत थेट वाळूत येते. तू सहजच पाठवला होतास. पण शारूनं तो इतक्या वेळा बघितला की फोन गरम व्हायचा. मग एकदा स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "मम्मी, वो मैं." बोलतो हिंदीच जास्त, काय करणार, गल्लीत सगळी हिंदीच. लाट हा शब्द त्याला माहीत नाही. मी सांगितला, तर म्हणाला, नही, पानी का झूला. प्रतीक जेवत होता. घास तसाच हातात राहिला त्याच्या. शारू स्वतःहून काही मागत नाही गं. त्यानं मागितलेली ती पहिली गोष्ट.

प्रतीकला तू दोनदाच भेटलीस. तो जालन्याकडचा, टँकरच्या गावचा. लग्नात पहिल्यांदा समुद्र बघितला त्यानं. नवरदेवाच्या कपड्यात, बूट हातात घेऊन वाळूत उभा राहिला आणि म्हणाला, "एवढं पाणी, आणि प्यायला थेंब नाही? कुणीतरी चेष्टा केलीय राव." आमच्या काकांना ते इतकं आवडलं की अजून सांगतात. टँकरच्या रांगेत वाढलेल्या माणसाला पाणी म्हणजे चांगलंच वाटतं. दिसलं की आनंद. त्याला मी कसं समजावू, की आपल्याकडे आपण पाण्याकडे पाठ करून कधी उभं राहत नाही.

तू म्हणाली होतीस, माझ्याकडे फळ्या आहेत, नुसते या. पण तुझ्या फळ्या मोठ्या आणि रुंद, शारूचे हात बाजूनं पाण्यापर्यंत पोचणार नाहीत. मॅडमनी सांगितलं होतं की छातीखाली थोडा उंचवटा हवा, म्हणजे मान वर राहील, आणि मागे दोन पायांच्या मध्ये काहीतरी हवं, म्हणजे कात्री होणार नाही. प्रतीक म्हणाला, लाकडाचंच काम आहे ना, मग मी कशाला बसलोय? आणि दुसरं असं की फळी हलकी पाहिजे. फार हलकी. का, तर शारू माझ्या कमरेवर असणार एका हातात, आणि फळी दुसऱ्या हातात. त्यानं टेप काढून माझी काखेपासून मनगटापर्यंत मापं घेतली, जशी ब्लाउजला घेतात, आणि म्हणाला, "पाण्यात तूच नेणार त्याला. मी दरवाजेवाला माणूस, तू समुद्रावरची." मी कपडे वाळत घालायला गेले.

तुला माहितीच आहे, तो दरवाजांच्या कारखान्यात आहे. पोकळ दरवाजे, ते फ्लश डोअर म्हणतात ते. पहिली फळी त्यानं तुकडे जोडून भरीव केली. कबाडीवाल्याचा, म्हणजे भंगारवाल्याचा, तो हुकचा वजनकाटा असतो ना, तो मागून आणला आणि फळी टांगली, तर काटा पार खाली. मी उचलून बघितली, जिना उतरेपर्यंत खांदा गेला. शारूपेक्षा थोडीच हलकी होती. प्रतीक सकाळी दात घासताना एकदम ओरडला, "अरे, दरवाजा!" म्हणजे असं, की पोकळ दरवाजा बाहेरून भरीव दिसतो, पण आत नुसती चौकट आणि पट्ट्या. तशीच फळी करायची. आत सांगाडा, वरून पातळ लाकडाची कातडी. त्यानं जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. मधोमध एक लांब पट्टी आणि दोन्ही बाजूंना आडव्या, पुढे लहान होत गेलेल्या. मी म्हणलं, हा तर सुरमईचा काटा. तो म्हणाला, हो का? त्यानं आयुष्यात सुरमई नीट खाल्ली नाही, काटे लागतात म्हणून.

लाकूड पॉपलरचं. इकडे हरियाणात शेताच्या बांधावर लावतात, सरळसोट झाड, पांढरं आणि हलकं. सेठनं त्याला गाडीबरोबर यमुनानगरला पाठवलं होतं माल आणायला, तिथूनच निवडून आणलं. येताना पानिपतला गाडी थांबवून काला अंबला, त्या लढाईच्या स्मारकाला, नमस्कार करून आला, नेहमीसारखा. ड्रायव्हर वैतागतो, म्हणतो तुम मराठे हारने की जगह पे हाथ जोड़ते हो. प्रतीक म्हणतो, लढायला आलो होतो ना, मग झालं. फळीचं सगळं काम गच्चीवर चाललं, सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी. घरमालकिणीच्या वड्या एका बाजूला वाळत आणि आमची फळी दुसऱ्या बाजूला. पट्ट्यांना भोकं पाडली, वजन कमी व्हावं म्हणून. एक पट्टी घेऊन तो उन्हाकडे बघायचा आणि म्हणायचा, अजून एक भोक बसेल. कारखान्यातले ज्ञानोबाकाका, लातूरचे, ज्यांनी त्याला हे काम लावून दिलं, ते यायचे बघायला. खाटेवर बसून चहा प्यायचे आणि टोमणे मारायचे, "काय रे, समुद्राला दार बसवतोस का? बिजागरी कुठल्या बाजूला?"

आणि दारासारखीच केली होती त्यानं, मयुरा. सपाट. सुताराच्या गुण्यानं कोपरा न् कोपरा काटकोनात धरून, पाण्याचा थेंब ठेवला तर जागचा हलणार नाही अशी. किती अभिमानानं दाखवली मला. मी बघत राहिले. मला शब्द सापडेना, म्हणून मी हाताचा पंजा केला आणि बोटं वर उचलली. म्हणलं, होडीचं नाक कुठे असतं? ही अशी गेली तर पहिल्याच लाटेत तोंड खाली घालेल, आणि शारू तिच्यावर पालथा. प्रतीक खाली बसला आणि म्हणाला, "पंधरा वर्षं झाली, मी फक्त सरळ करायला शिकलोय. वाकडं केलं की शिव्या बसायच्या." मग पुन्हा सांगाडा केला, पुढून वर जाणारा. पातळ पट्ट्या गरम पाण्यात भिजवायच्या, विटांवर ठेवून हळूहळू दाबायच्या, वरून वजन ठेवायचं. पाणी मी तापवायची. काही पट्ट्या मोडल्या. मोडली की शारू टाळ्या वाजवायचा, त्याला वाटायचं हाच खेळ आहे. काचपेपर मारायच्या दिवशी मी त्याच्या तोंडाला ओली ओढणी बांधून जिन्यात बसायची, तर तिथून ओरडायचा, पापा, और घिसो.

आता हसण्यासारखं सांगते. वरून कापड आणि ते चिकट रेझिन लावून फळी पूर्ण बंद केली. प्रतीकनं एकेक सांध तपासली, म्हणाला आता मुंगी जाणार नाही आत. मे महिना होता. तुला इकडचा मे माहीत नाही, गच्चीवर चप्पल विसरली तर मऊ होते. फळी वाळायला ठेवली आणि आम्ही खाली जेवायला बसलो. आणि दुपारी फाट्कन आवाज झाला! असा, की अख्खी बिल्डिंग बाहेर. कुणी म्हणालं सिलेंडर, कुणी म्हणालं ट्रान्सफॉर्मर. घरमालकीण तर अनवाणीच रस्त्यावर. वर जाऊन बघतो तर फळीची पाठ लांबलचक उलून आलेली, भाकरी फुगून फुटते तशी. आतली हवा तापली आणि जायला वाट नाही. प्रतीकनं कपाळावर हात मारला. दरवाजाच्या कडेला ते बारीक भोकं ठेवतात, हवा जायला. इथे पाणी आत जाईल म्हणून त्यानं सगळी वाट बुजवली होती. ज्ञानोबाकाकांना कळलं तेव्हा ते इतके हसले की खोकला लागला. म्हणाले, "दारवाल्यानं बिनदाराचं घर बांधलं." आणि शारू, जो कुकरच्या शिट्टीला दचकतो, तो त्या दिवशी घाबरला नाही. म्हणाला, फिर से करो.

मग पाठ सोलून परत लावली, आणि कडेला एक पितळेचा स्क्रू बसवला रबराच्या वायसरसकट. जमिनीवर असताना सैल ठेवायचा, पाण्यात जाताना आवळायचा. हे तू लक्षात ठेव, मी पुन्हा सांगीनच. परत कबाडीवाल्याचा काटा आणला. आता उचलली तर मला क्षणभर वाटलं हातात काहीच नाही. खरंच सांगते. पाण्याच्या भरलेल्या कळशीपेक्षा हलकी. शारूला कमरेवर घेतलं, फळी काखेत धरली आणि गच्चीवर इकडून तिकडे चालून दाखवलं. प्रतीक टाकीला टेकून बघत होता. त्याचे डोळे भरले होते. आणि मी, मयुरा, चालत होते आणि मनात म्हणत होते की ही जरा जड झाली असती तर बरं झालं असतं. मला नेता आली नसती. असं मनात आलं माझ्या.

पावसाळ्यानंतर नीरजा मॅडमना दाखवायला फळी घेऊन गेलो, मेट्रोत घेईनात म्हणून टेम्पोतून. मॅडमनी शारूला तिच्यावर झोपवून बघितलं, उंचवटा चाचपला, पायांमधली ती गादी चाचपली, म्हणाल्या, "बिल्कुल बरोबर केलंत." मग सगळ्या सूचना दिल्या. जाकीट पाहिजे, पाणी कमरेइतकंच, एक माणूस कायम त्याच्याबरोबर. आणि माझ्याकडे वळून विचारलं, आईला पोहता येतं ना? मी तोंड उघडलं, तोवर प्रतीकनंच सांगून टाकलं, "मॅडम, ती मालवणची आहे." मॅडम हसल्या. झालं. पुढचं बोलणं सुरू झालं.

त्यानंतर मुरादनगरला गेलो, गंगनहरवर, म्हणजे गंगेच्या कालव्यावर. इकडची माणसं उन्हाळ्यात तिथे डुंबायला जातात, पाणी जोरात वाहतं, काठाला साखळ्या लावलेल्या असतात. फळी तरते का ते बघायचं होतं. तरली. अशी तरली की पाण्याला नुसती टेकलेली वाटत होती. मग हा बाबा स्वतः चढला तिच्यावर! साखळी एका हातात, दोरी कमरेला, दोरीचं टोक ज्ञानोबाकाकांकडे. क्षणात उलटा. नाकातोंडात पाणी, बाहेर आला तो खोकत आणि हसत. आणि मला हाक मारली, "ये ना! तू दाखव आता कसं करतात!" पायऱ्यांवर इतकी माणसं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणलं, माझी अडचण आहे. तो लगेच माझ्यासाठी चहा आणायला गेला. अडचण नव्हती. मी पायरीवर शारूला घट्ट धरून बसले होते, इतकं घट्ट की तो म्हणाला, मम्मी, दुखता है.

त्या नहरेच्या काठावर मला सूर्यकांतकाका आठवले. तुझ्या बाबांचं मी तुझ्याशी कधी बोलले नाही. आपण दोघी इतकं बोलतो, पण ते नाही. त्या दिवशी आपण सगळ्या वाळूवर होतो. मासळीच्या पाट्या घेऊन आलेल्या बायका, तुझी आई, माझी आई, आपण दोघी शाळेच्या गणवेशात. होडी दिसत होती. तेच मला अजून कळत नाही, होडी दिसत होती, उलटलेली, आणि माणसंही दिसत होती. पुरुष दुसरी होडी ढकलत होते आणि बायका वाळूवर उभ्या राहून ओरडत होत्या. एकही बाई पाण्यात गेली नाही. जाणार कशी? तुझी आई गुडघ्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. तिघं परत आले, काका आले नाहीत. मला त्यांच्यापेक्षा तुझ्या आईचं ते गुडघ्यापर्यंतचं लुगडं जास्त आठवतं.

नंतर तू वर्षभर किनाऱ्यावर फिरकली नाहीस. मोठी झालीस, आणि एक दिवस त्या गोव्याच्या माणसाकडे पाण्यातलं शिकायला जायला लागलीस. ते काळे चिकट कपडे घालून. वाडीत काय काय बोलले! माझी आईसुद्धा म्हणाली, बापाला गिळलं त्या पाण्यात नाचते. मी तेव्हा लग्न होऊन इकडे आले होते, मला ते फोनवर कळलं. मला तुला विचारायचं होतं, तू कशी गेलीस? पहिल्यांदा पाणी छातीला लागलं तेव्हा काय वाटलं? तुला काका दिसले का? पण तू फोन उचललास आणि म्हणालीस, गो, आज मी फळीवर उभी राहिले, दोन सेकंद! आणि इतकी हसलीस की मग मी विचारलं नाही. आता विचारते. मी आल्यावर सांग, लिहून नको पाठवू, शारूला वाचता येत नाही पण बाबाला येतं.

कुकर झाला. बंद करून आले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते, नाहीतर हेही पत्र फोनसारखंच होईल. मयुरा, मला पोहता येत नाही. तुला हे माहीत असेल, तुला सांगायला नको, आपल्यातल्या कुठल्या बाईला येतं? पण इकडे कुणाला माहीत नाही. प्रतीकनं कधी विचारलंच नाही. समुद्रावरच्या मुलीला पोहता येतं का, हे त्याला जालन्यातल्या मुलीला भाकरी येते का असं विचारल्यासारखं वाटतं. शारूला तुझ्या हातात देऊन मी वाळूवर उभी राहू शकते. तू त्याला सांभाळशील, स्वतःच्या जिवापेक्षा सांभाळशील, त्यात मला शंका नाही. पण मला वाळूवर उभं राहायचं नाही. तो पाण्यात असेल आणि मी गुडघ्यापर्यंत येऊन थांबले असेन, असं मला नको. म्हणून आम्ही दोघं आधी येतोय, शारू आणि मी. दिवाळी जवळ आली की इथली हवा घशात बसते, शारूला खोकला होतो, त्यामुळे प्रतीकही जा म्हणाला. त्याला सुट्टी नंतर आहे, तो फळी घेऊन मागून येईल. तोपर्यंतचे दिवस तू मला दे. पहाटे, बायका पाट्या घेऊन यायच्या आधी. शारूला आईकडे ठेवीन, आईला काय सांगायचं ते मी बघते. तुझे ते कपडे माझ्या अंगात चढणार नाहीत, पोराच्या वेळेपासून माझं पोट तसंच आहे. मी सलवार खोचून येईन, तू हसायचं नाहीस. मला फळीवर उभं राहायला नको शिकवू, सुळकन जायला नको. फक्त पाणी डोक्यावरून गेलं तरी मुलाला वर धरता येईल, एवढं शिकव. मी ओरडेन, तुला शिव्या देईन, परत जाऊया म्हणेन, ऐकू नकोस. आणि माझा हात धर. मी सोड म्हणाले तरी सोडू नकोस. पण हौदात शारू गप्प झाला तशी मी बोलायची थांबले ना, की सोड.

तुझीच, तिकीट काढून बसलेली,
सुरुची